अर्धं झाड, अर्धं चित्र

कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिवकन्याचा फोन रोज सांजच्याला यायचा. मी मांजरसुंब्याच्या चौकात सीटांची, म्हंजी पॅसेंजरची वाट बघत ॲपे रिक्षात बसलेलो असायचो.

"नाथ्या, करमत न्हाई रे."

"कावून? कुणी काय म्हणलं का? नाव सांग फकस्त, आत्ता येतो."

"कुणी काय म्हणत न्हाई. कुणी काही म्हणतच न्हाई, तेच तर."

आता ह्याच्यावर मी काय करणार? कुणी शिवी दिली तर जाऊन गचांडी धरता यील. कुणी बोलतच न्हाई म्हणल्यावर कुणाची धरायची?

शिवकन्या मपली चुलत बहीण. थोरल्या चुलत्याची, धुळाजी तात्याची लेक, मपल्यापेक्षा सव्वा वर्षानं धाकटी. लिंबागणेशच्या वर माळावर आमची वस्ती हाय, सात घरं आन् मेंढरं. मी नववीतच शाळेला रामराम केला. मला एका जागी बसवत न्हाई, दुसरं काय न्हाई. त्यानंतर हॉटेलात राहिलो, टायरच्या दुकानात राहिलो, आता ॲपे चालवतो. हे त्यातल्या त्यात बरंय, बसून असलो तरी हालत असतो. शिवकन्या मातर चिकट. दहावी केली, बारावी सायन्सनं केली, आन् बीडच्या कॉलेजात बीएस्सीला लागली. वस्तीतली हॉस्टेलात राहायला गेलेली ती पहिलीच. ती गेली तवा मोठीमाय, म्हंजी तिची आई ताराबाई, आठ दिवस कुणाशी बोलली न्हाई. मेंढरावर तेवढी ओरडायची.

कॉलेजात शिवकन्या मागच्या बाकावर बसायची. रूममधल्या पोरी गेवराईच्या, केजच्या, चांगल्या घरच्या. त्यांच्यात कुणी वाईट नव्हतं. पण शिवकन्याच्या डोक्यात एकच, आपल्या अंगाला मेंढरांचा वास येतो. दिसातनं दोनदा डोकं धुवायची. मी म्हणलं, "अगं मला तर कायच वास येत न्हाई." तर म्हणली, "तुला कसा यील? तूबी त्यातलाच."

शनिवार आला की घरी. सोमवारी जाताना तोंड असं, जसं काय तुरुंगात निघाली. पहिल्या वर्षी दोन पेपर राहिले. तात्या चिडला न्हाई. चिडला असता तर बरं झालं असतं. घोंगडी झटकत शांत म्हणला, "बघ बाय, एक साल अजून बघ. ह्या साली न्हाई जमलं तर मेंढरासंगं चल. त्यात लाज न्हाई कसली."

आमची मेंढरं पाऊस उघडला की खाली गेवराईकडं जातेत, गोदावरीच्या काठची बागायत धरून. थेट जेठापस्तोर माघारी येत न्हाईत. म्हंजी तात्यासंगं गेली की कॉलेज संपलंच.

दुसऱ्या वर्षी तिला वनस्पतीशास्त्राला ओव्हाळ मॅडम आल्या. माया ओव्हाळ. मॅडम मूळच्या चौसाळ्याच्या, आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबलेले. बुटक्या, बारीक, आन् शिस्तीला अशा की त्यांची चप्पल वाजली की पोरं वह्या उघडतेत. त्यांनी पहिल्याच दिशी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीआधी परतेकानं पंचवीस झाडं वाळवून, दाबून, पांढऱ्या कागदावर चिकटवून आणायची. झाड पुरं पाहिजे. मूळ, खोड, पान, फूल. ते बघून मॅडम जर्नलवर सही करणार. सही न्हाई तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत न्हाई. परीक्षा न्हाई तर साल गेलं. साल गेलं तर मेंढरासंगं.

पुढचं मला रोहिणीनं सांगितलं. रोहिणी गेवराईची, शिवकन्याच्या रूममधली. तवा नुसती रूममधली, अजून मैत्रीण झाली नव्हती.

महिन्याभरानं मॅडम म्हणल्या, पहिली पाच झाडं दाखवा. सगळ्यांनी दाखवली. शिवकन्यानं काढली. पानं अशी दाबलेली की इस्त्री केल्यावानी. कुसळीचं गवत, पवन्या गवत, तरवड, उन्हाळी, आघाडा. मॅडमनी एक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

"मूळ कुठंय?"

शिवकन्या उभी राहिली आन् म्हणली, "मूळ जमिनीत हाय, मॅडम."

सगळा वर्ग फुटला. मागनं कुणीतरी बाक वाजवला. मॅडमला वाटलं पोरगी उलट बोलली. ती उलट बोलली नव्हती. मूळ कुठंय म्हणून इचारलं, तिनं कुठंय ते सांगितलं. त्या दिसापास्नं पोरं तिला जिन्यात गाठून इचारायची, "काय गं, मूळ कुठंय?" आन् दुसरा म्हणायचा, "जमिनीत!"

मी म्हणलं त्या दोघांची नावं दे. तिनं न्हाई दिली.

आता तुमाला वाटंल, मूळ उपटून आणायला काय जातंय. तर आमच्या तात्याचा एक नेम हाय. वावरातलं तण उपटा, बांधावरचं उपटा, पण माळावरचं गवत उपटायचं न्हाई. कापा, पण उपटू नका. शिवकन्या पाच-सहा वर्षांची असंल, खेळता खेळता तिनं एक गवताचा बुडका उपटला. तात्यानं तिला मारलं न्हाई. तो बुडका तिच्याकडनंच परत लावून घेतला, आन् आठ दिवस तांब्यानं पाणी घालायला लावलं. वर म्हणला, "मेंढी वरनं खाती, खालचं पुढच्या सालाला ठिवती. तू मेंढीपक्षा शहाणी हायस का?"

बरं, हे मलाबी सांगितलेलं हाय. पण मपल्या कानात ते शिरलं न्हाई. तिच्या हाडात शिरलं. एक शनिवार ती खुरपं घेऊन माळावर बसली. अर्धा घंटा बसली. मी लांबनं बघत व्हतो. खुरपं जमिनीला लावायची आन् परत मांडीवर ठिवायची. शेवटी उठली.

"जाऊ दे," म्हणली. "न्हाई हुत."

"अगं पंचवीस झाडांचा सवाल हाय! तात्याला कोण सांगायला जातंय?"

"तात्याचा काय संबंध," ती म्हणली. "मपलाच हात चालत न्हाई."

मला ते बघवंना. मपली बहीण पंचवीस मुळांपायी मेंढरामागं जाणार? मग मी मपली अक्कल चालवली. दुसऱ्या रविवारी ती घरी आली नव्हती, तवा पहाटंच कुदळ घेऊन माळावर गेलो आन् सरळ रांगंत जे दिसंल ते उपटलं. फूल असू दे, नसू दे. साठ-सत्तर झाडं असतील. खताचं रिकामं पोतं भरलं आन् ॲपेत टाकून थेट बीडला, हॉस्टेलच्या गेटवर. छाती अशी फुगलेली की बटण तुटावं.

"घे! पंचवीस मागितली, सत्तर आणलीत. मुळासगट."

शिवकन्यानं पोत्याचं तोंड उघडलं. आत हात घातला. एक गवत काढलं, त्याच्या मुळाची माती बोटानं झाडली.

"कुठनं आणलं?"

"मपल्या माळावरनं. उताराच्या अंगाला."

तिचं तोंड असं झालं, जसं काय मी घरातलं कुणी मारून पोत्यात घालून आणलंय. तिनं चप्पल घातली, पोतं उचललं, ॲपेत ठिवलं आन् मागच्या सीटावर बसली.

"काय करायलीस?"

"चल. लावायचंय."

बीड ते लिंबागणेश रस्त्यात सीटं हात करायली, तिनं थांबू दिलं न्हाई. माळावर पोचलो तर मी जिथनं जिथनं उपटलं तिथं तिथं खड्डे. एक एक गवत हातात घ्यायची आन् बरोबर त्याच्याच खड्ड्याकडं जायची. कसं वळखलं, मला इचारू नका. तात्याकडं पावणेदोनशे मेंढरं हायत आन् ही पोरगी सांजच्याला ती वाडग्यात शिरताना मोजत न्हाई. नुसती बघती आन् म्हणती, "त्या कानफाटीचं लेकरू न्हाई आलं." बघायला गेलं तर खरंच आलेलं नसतं. तसंच ते.

मला पाणी आणायच्या कामाला लावलं. खाली वढा हाय. मी घागर भरून वर, रिकामी घेऊन खाली. सातव्या का आठव्या खेपंला दमलो आन् म्हणलं, "आता तू जा." ती गेली.

गेली ती आलीच न्हाई.

बघायला गेलो तर घागर वढ्यात आडवी आन् बाईसाहेब काठाकडं तोंड करून उभ्या. त्या साली पावसानं वढ्याचा काठ उभा कापून नेलता, पुरुषभर उंच. वर माळाचं गवत, तरवडाची झुडपं, आन् खाली त्या कापलेल्या भिंतीत त्यांची मुळं उघडी. काही केसावानी बारीक, काही सुतळीवानी, तरवडाचं तर एकच जाड मूळ सरळ खाली खाली दगडाला वळसा घालून गेलेलं. मी त्या वढ्यात लहानपणापास्नं डुंबलोय, कधी बघितलं नव्हतं.

"नाथ्या," ती म्हणली, "पेन्सिल हाय का?"

"मी ॲपेवाला हाय का मास्तर?"

वस्तीवर पळाली, एक जुनी वही आन् पेन्सिल घेऊन आली. वढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून काढायला लागली. मी हाका मारल्या. मोठीमायनं वरनं हाका मारल्या, "अगं भाकर थंड झाली!" ती न्हाईच. अंधार पडून कागद दिसंना तवा वर आली. पायाची बोटं पांढरी पडलेली, आन् तोंड असं की मी वर्षाभरात बघितलं नव्हतं. चित्र बघितलं. आता चित्रातलं मला काय कळत न्हाई, पण ते तरवडाचं मूळ व्हतं. दगडासगट.

मपल्याशी बोलायची मातर न्हाई. चार दिवस न्हाई बोलली. पाचव्या दिशी फोन आला, पण करमत न्हाई म्हणायला न्हाई.

"दादा, कुठं खड्डा खणायलेत का बघ की."

एरवी नाथ्या, काम असलं की दादा.

तिचं डोकं असं चाललं व्हतं: झाडाचं वरचं अंग कापून, वाळवून कागदावर चिकटवायचं. खाली एक रेघ मारायची, ती जमीन. आन् रेघेच्या खाली त्याच झाडाचं मूळ पेन्सिलनं काढायचं, जेवढं हाय तेवढंच, काडीनं माप घेऊन. अर्धं झाड, अर्धं चित्र. पण वढ्याच्या काठाला अकराच झाडं गावली. बाकीच्या चौदाला कुणीतरी खणलेली जागा पाहिजे.

आता हे मपलं काम व्हतं. ॲपेवाल्याला सगळी खबर असती. कुठं विहीर लागली, कुठं पाइपलाइन चालली, कुठं रस्त्याचं काम. धर्मराज म्हणून मपला एक दोस्त जेसीबी चालवतो. त्याला फोन लावला.

"धर्म्या, कुठं खणायलास?"

"कावून बे? पुरायचंय का कुणाला?"

"बहिणीला मुळं बघायचीत."

तिकडं त्यानं जेसीबी बंद केला. मग म्हणला, "पाटोद्याच्या रोडला हाय मी. पर तिला म्हणाव लवकर ये, मी बुजवून टाकतो लगेच."

तिथनं आमचा तो धंदाच झाला. शनिवार-रविवार जिथं जेसीबी तिथं शिवकन्या. विहिरीवरच्या गड्यांना पहिल्यांदा वाटायचं ही सरकारी बाई हाय, मोजणीला आली. ते घाबरून चहा द्यायचे. मग कळायचं की ही गवत बघती, तर चहा बंद. एकदा रोहिणी संगं आली, नुसती गंमत बघायला. खड्ड्याच्या काठावर रुमाल टाकून बसली, मोबाईल बघत. जरा वेळानं मान वाकडी करून म्हणली, "अगं ते डावीकडचं बारीक मूळ राहिलं की तुझं." शिवकन्या म्हणली, "मग तू धर की काडी." रोहिणी खड्ड्यात उतरली. चांगला पांढरा ड्रेस व्हता तिचा. त्या दिसापास्नं मैत्रीण.

तवापास्नं फोन कमी झाले. मी चौकात बसून मोबाईल बघायचो, सांज हुन जायची. मीच लावला एकदा तर म्हणली, "नंतर बोलते, काढायली." बरं वाटलं. थोडं वाईटबी वाटलं, पण बरं वाटलेलं जास्ती.

सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी तिनं पंचवीस कागद नेऊन मॅडमच्या टेबलावर ठिवले. मॅडमनी सगळे बघितले, एकबी न सोडता, आन् गठ्ठा परत तिच्याकडं सरकवला. सही करता येणार न्हाई म्हणल्या.

आन् त्याच साली पाऊस लवकर उघडलेला. तात्यानं सांगून टाकलं व्हतं, दिवाळीची वाट बघायची न्हाई, रविवारी निघायचं.

मी फोनवर ऐकलं आन् चौकातनं चार सीटं खाली उतरवून ॲपे फिरवला. कॉलेजात घुसलो तर दारावर सुंदरराव. सुंदरराव म्हंजी तिथले लॅबचे शिपाई, पांढरी टोपी, रिटायरला आलेले. "कुठं घुसतो बे?" म्हणले. मी घुसलोच. ओव्हाळ मॅडम समोर बसलेल्या.

"तू कोण?"

"नाथा. शिवकन्याचा भाऊ."

"कुठल्या वर्गात?"

"नववीत."

मॅडमनी चष्म्यावरनं मपल्या दाढीकडं बघितलं.

"म्हंजी नववीत सोडली," मी म्हणलं. "मॅडम, तुमी सही कावून केली न्हाई? पोरगी दोन महिने खड्ड्यात राहिली!"

"बस," मॅडम म्हणल्या. मी बसलो न्हाई. "चित्रं सुंदर आहेत. इतक्या वर्षांत अशी कुणी आणली नाहीत. पण एका खड्ड्यात दहा झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. हे मूळ ह्याच झाडाचं, हे कशावरून? उपटलेलं झाड स्वतःच पुरावा असतं. चित्र कुणीही घरी बसून काढील. बाहेरून परीक्षक येतो, तो मला विचारणार. मी काय सांगू?"

उत्तर सुचंना की मपला आवाज वाढतो.

"सबूतच पाहिजे ना? सबूत जाग्यावर हाय! तिनं उपटलंय कुठं? सगळं अजून जमिनीतच हाय. चला दाखवतो!"

"ए, आवाज खाली," मागनं सुंदरराव.

"कुठं?" मॅडमनी इचारलं.

"लिंबागणेशला. मपला ॲपे भायेर उभा हाय."

दारात शिवकन्या उभी व्हती, तिनं कपाळाला हात लावला. मॅडमनी एक कागद परत हातात घेतला, रेघेवर बोट ठिवलं, रेघेच्या खाली नेलं.

"आज नाही," म्हणल्या. "उद्या सकाळी सातला. उशीर केलास तर येणार नाही."

मी साडेसहालाच गेटवर. मॅडम, सुंदरराव, शिवकन्या, रोहिणी, आन् वर्गातले दोन पोरं. त्यातला एक पवन, हाच तो जिन्यात मूळ इचारणारा. मला रस्त्यात कळलं, तवर तो मागच्या सीटावर नीट बसलेला. मी सगळे खड्डे त्याच्या बाजूनं घेतले.

वस्तीवर पोचलो तर निघायची तयारी पुरी. घोड्यांवर बोजे बांधलेले, कोंबड्या पाटीखाली, मेंढरं बाहेर काढलेली. एका घोड्यावर शिवकन्याच्या कपड्यांचं बोचकंबी बांधलं व्हतं, मोठीमायनंच बांधलेलं. आन् मोठीमायनं काय बघितलं? रविवारचा दिवस, ॲपेतनं एक टोपीवाला म्हातारा उतरला, एक चष्म्याची बाई उतरली, दोन तरणे पोरं उतरले. तिनं पळत जाऊन बांधलेली सतरंजी घोड्यावरनं ओढून काढली आन् झाडाखाली टाकली. शिवकन्याचा दंड धरून म्हणली, "डोक्यावरनं पदर घे की! ओढणी घे!" आन् मपल्या कानात, "सांगितलं न्हाईस मुडद्या, बघायला येणारेत म्हणून. पोरगं कोणतं? ह्यो का?"

बोट पवनकडं. पवन लाजून लालेलाल.

सुंदरराव म्हणले, "बाई, पोरगी पसंत हाय, पर आमी गवत बघायला आलाव."

मॅडम हसल्या. पहिल्यांदा बघितलं मी त्यांना हसताना. तात्या मातर हसला न्हाई. काठी टेकून उभा राहिला आन् आमच्यामागं वढ्याकडं चालत आला.

वढ्यात मॅडमनी साडी खोचली, पिशवीतनं भिंग काढलं आन् पहिला कागद मागितला. शिवकन्यानं काठावर ते झाड दाखवलं. मॅडम तांब्यानं थेंब थेंब पाणी सोडायच्या, माती धुऊन जायची, मूळ बोटानं धरून वर वर, थेट बुडख्यापस्तोर न्यायच्या. मग चित्राशी लावून बघायच्या. बरोबर. झालं की शिवकन्या तिथं ओल्या मातीचा लपका मारून मूळ झाकून टाकायची. दुसरं बरोबर. तिसरं, तरवड, तर दगडासगट बरोबर. सुंदरराव म्हणले, "छत्तीस वर्षं नोकरी केली, आसली परीक्षा बघितली न्हाई."

असे आठ झाले. मॅडमनी भिंग पुसलं. "ठीक आहे," म्हणल्या, "बाकीचे बघायची गरज नाही."

मी मनात म्हणलं, झालं! आन् तेवढ्यात शिवकन्या बोलली.

"मॅडम, नववं चुकलंय."

मी तिच्या पायावर पाय दिला. तिनं काढून घेतला.

"काय चुकलंय?" मॅडमनी चित्र बघितलं, काठ बघितला. "मला तर बरोबर वाटतंय."

"न्हाई. ह्यो पवन्या हाय ना, ह्याच्या शेजारी मारवेल हाय. ही दोन मुळं मारवेलाची हायत. मी पवन्याला दिली." तिनं माती धुतली, दोन केसावानी मुळं नखानं वेगळी केली आन् वर नेली. खरंच ती शेजारच्या गवताला जाऊन मिळाली. "तवा मला कळलं नव्हतं. आता बघितलं तर दिसतंय."

हेच तर मॅडम म्हणत व्हत्या, गुंतलेली असतेत, कशावरून म्हणून. आन् हिनं आपल्याच तोंडानं सबूत दिला की चूक हुती. आरं बाबा, कुणालाच दिसलं नव्हतं की!

मॅडमनी तो कागद भिंगाखाली धरला. मग शिवकन्याकडं दिला.

"खोडरबर आहे?"

"हाय."

"दुरुस्त कर. मी थांबते. आणि उरलेले सोळाही तूच तपास, मी नाही. कुठं चुकलं ते मागच्या बाजूला लिही."

"मॅडम, ह्यातले चौदा वढ्यातले न्हाईत. ते खड्डे बुजले."

"मग त्यांच्यामागे लिही, तपासता आलं नाही. खरं ते लिही." आन् मॅडम चक्क दगडावर बसल्या, पाण्यात पाय सोडून. "परीक्षकाला काय सांगायचं ते मला कळलं आता. सही करते. पण मूळ जोडलेलं नाही, त्याचे मार्क जाणार. अभ्यासक्रमात आहे, मी बदलू शकत नाही."

"जाऊ द्या," शिवकन्या म्हणली, खोडत खोडत.

पुढं दहातले सहाच मिळाले तिला. ती पास झाली, मागचे दोन पेपरबी निघाले, पण त्या चार मार्कांवरनं मी मॅडमशी अजून भांडतो. त्या म्हणतेत, नववी पुरी कर, मग भांड.

तर शिवकन्या काढायला लागली आन् बाकीच्यांना काय काम उरंना. रोहिणीनं एक कागद घेतला, आघाडा काढायला लागली. दुसऱ्या पोरानं घेतला. पवन जरा वेळ उभा राहिला, मग शिवकन्याजवळ जाऊन हळूच म्हणला, "मला एखादं सोपं दे ना."

ती वर न बघता म्हणली, "ते हरळीचं बघ. पर उपटलंस तर वढ्यात ढकलीन."

मॅडम म्हणल्या, डिपार्टमेंटच्या भिंतीवरचे तक्ते फाटलेत, किती साल झालं कुणी नवे काढले न्हाईत. कपाटात चांगला कागद पडून हाय, रंग हायत. "सुट्टी संपली की किल्ली सुंदररावांकडून घे. रोज लेक्चर झाल्यावर बस. ह्या तिघांनाही घेऊन बस, चुका दाखव त्यांच्या." शिवकन्यानं हां म्हणलं, पण तिचं अर्धं ध्यान मारवेलात.

तात्या काठावर उभा राहून सगळं ऐकत व्हता. शेवटी खाली उतरला आन् मॅडमना इचारलं, "बाई, ह्यात उपटलं न्हाई ना कायच कुणी?"

"काहीच नाही," मॅडम म्हणल्या. "तुमची मुलगी उपटूच देत नाही."

तात्यानं काठावरचे मातीचे लपके बघितले. एकावर अंगठा दाबून बघितला, नीट बसलाय का. मग वर चढून गेला. मी मागं गेलो. तो घोड्याजवळ गेला, शिवकन्याच्या बोचक्याची गाठ सोडायला लागला. मोठीमाय म्हणली, "आवं, हे काय करायलाव?"

"तिचं हितं काम हाय," तात्या म्हणला आन् बोचकं मपल्या अंगावर फेकलं. "ॲपेत टाक."

मोठीमायनं पदर तोंडाला लावला. मग सतरंजी झटकून परत घोड्यावर बांधली, कारण मेंढरं थांबत न्हाईत. तात्यानं शिट्टी घातली. पुढचं मेंढरू हाललं की मागची पावणेदोनशे हाललीच. माळ सगळा पांढरा-काळा हुन सरकायला लागला. मोठीमाय वढ्याच्या काठावर आली आन् खाली वाकून म्हणली, "पोरी, येतो गं आमी!"

"हं, या," शिवकन्या म्हणली. मान खालीच.

"बघ बया," मोठीमाय मपल्याकडं बघून रडत रडत हसायला लागली, "वर बघितलंबी न्हाई!"

मेंढरं पार डांबरी रस्त्याला लागली, तवा कुठं शिवकन्याला कळलं. पेन्सिल तशीच हातात, पळत सुटली, अनवाणी, माळावरनं आडवी. मी लांबनं बघितलं, तात्याच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली, दोन मेंढरांच्या कानाला हात लावला, आन् आली तशीच पळत माघारी. धापा टाकत वढ्यात उतरली, कपाळाला चिखल.

"पवन्या कुणी हलवला?" म्हणली.

सगळ्यांनी पवनकडं बघितलं.

"मला न्हाई, गवताला म्हणती ती!" पवन वरडला. "मी न्हाई हात लावला!"